मैदानाचा कारभार

पिके निघाली की नंदुरबार जिल्ह्यातल्या मोठ्या गावांत कबड्डीच्या आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांची पत्रके लागतात. पहिले बक्षीस किती, दुसरे किती, चषक कोणाच्या स्मरणार्थ, प्रवेश फी काय, एवढे पत्रकावर दिसते. मागचा हिशेब दिसत नाही. सोळा संघ आले तर बाद पद्धतीने पंधरा सामने होतात. ते किती दिवसांत बसवायचे, पंच कुठून आणायचे, त्यांच्या जेवणाचे काय, लाऊडस्पीकरवाल्याला आगाऊ किती द्यायचे, मैदान आखायला फक्की किती लागेल, फी वाढवली तर लांबच्या पाड्यावरचा संघ येईल का, आणि बाराच संघ आले तर पहिल्या बक्षिसाची रक्कम कोणाच्या खिशातून भरायची? हे सगळे अठरा-वीस वर्षांची मुले निभावून नेतात. त्यांतला एखादा दहावीच्या गणितात अडकलेला असतो. आपण जे केले त्यात भांडवल होते, जोखीम होती, पत होती, गिऱ्हाईकही होते, हे त्याला कोणी सांगत नाही. स्पर्धा संपते आणि तो सुरतेकडे मजुरीला निघून जातो.

या पुस्तकाचा विषय तो मुलगा आहे. आणि त्याच्याइतकीच त्याची बहीणही आहे, जिला त्या स्पर्धेत खेळायला तर नाहीच, पण गुणपत्रक लिहायलाही कोणी बसवले नाही. खेळातून जगण्याची आणि उद्योग उभा करण्याची कौशल्ये कशी येतात, यावर बाहेर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला जे सांगायचे आहे ते थोडके आहे: खेळाचा कारभार मुलांच्या हाती दिला तरच ती कौशल्ये येतात. नुसते खेळवून येत नाहीत.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि त्यात दहांतली जवळजवळ सात माणसे आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी. साक्षरता ६४ टक्क्यांच्या थोडी वर, राज्यात सर्वांत कमी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत नंदुरबार होता. जिल्ह्याविषयीचा कोणताही अहवाल याच आकड्यांनी उघडतो. आकडे खरे आहेत. पण ते वाचता वाचता हा जिल्हा वाचणाऱ्याच्या मनात घेणाऱ्यांचा होऊन बसतो आणि इथे करणारी माणसे आहेत हे पहिल्याच पानावर विसरले जाते.

अक्राणीतल्या, म्हणजे धडगावकडच्या डोंगरांतल्या आमचुराचेच पाहा. उन्हाळ्यात झाडावरून कैरी उतरवायची, सोलायची, फोडी करायच्या आणि खडकावर, अंगणात उन्हात वाळवायच्या. अवकाळी पाऊस आला की फोड काळी पडते आणि भाव कोसळतो. झाडावर चढण्यापासून रात्री ढग पाहून माल गोळा करण्यापर्यंतचे सगळे निर्णय घरातली माणसे घेतात, त्यात मुलेही असतात. बाजारात पोहोचले की निर्णय संपतात. तराजू व्यापाऱ्याचा, भाव व्यापाऱ्याचा, आणि आधी उचल घेतलेली असली तर दुसऱ्या दुकानात जायची सोयही उरत नाही. इथे कष्ट कमी पडत नाहीत, धाडसही कमी पडत नाही. कमी पडतो तो चारचौघांत पैशाबद्दल बोलण्याचा, घासाघीस करण्याचा, हिशेब मोठ्याने वाचून दाखवण्याचा सराव.

२०१८ मध्येच सुरू झालेल्या वनधन योजनेत वीस-वीस जणांचे पंधरा बचतगट मिळून एक केंद्र, अशी रचना आहे. तीनशे माणसांनी माल एकत्र करायचा, त्यावर प्रक्रिया करायची आणि तो विकायचा. कल्पना चांगली आहे. पण तीनशे जणांत माल, पैसा आणि भरवसा फिरता ठेवणारी दहा-बारा माणसे लागतात. उशिरा आलेल्याला उशीर झाला म्हणून सांगणारी, नुकसान झाले तर ते लपवून न ठेवणारी, भांडण झाले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र बसणारी. तीन दिवसांच्या प्रशिक्षणवर्गात अशी माणसे तयार होत नाहीत. ही सवय बाराव्या-चौदाव्या वर्षी लागावी लागते.

ती लागणार कुठे? सातपुड्यातली मुले मोठ्या संख्येने आश्रमशाळेत वाढतात. आश्रमशाळेने या मुलांना दोन वेळचे जेवण दिले, छप्पर दिले, अक्षर दिले. त्याचे मोल मी कमी करत नाही. पण तिथला दिवस घंटेवर चालतो. कधी उठायचे, काय खायचे, कुठे बसायचे, काय घालायचे, सगळे दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले. घरी असताना जे मूल शेळ्या राखताना दिवसभर स्वतःच्या डोक्याने वागत होते, ते शाळेत आल्यावर दहा वर्षे परवानगी मागत राहते. मैदान ही त्या दिवसातली एकच मोकळी जागा. आणि तिथेही शिट्टी सरांच्या हातात असते.

खेळाची भलामण करणारे पुष्कळदा असे लिहितात, की मैदानावर उतरले की मूल आपोआप शिस्त, संघभावना आणि नेतृत्व शिकते. ब्रिटनमधले अभ्यासक फ्रेड कोल्टर यांनी या समजुतीची कठोर तपासणी केली. २००७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकानंतर या क्षेत्रात कोणालाही असे सहज म्हणता येईनासे झाले. ते बरे झाले. खेळातून लबाडीही शिकता येते. पंचाची नजर चुकवायला, कमजोर मुलाला बाहेर बसवायला, हरल्यावर पंचावर धावून जायला मुले मैदानावरच शिकतात. आपल्याकडच्या शाळांत तर आणखी एक गोष्ट घडते. प्रकल्पस्तरीय स्पर्धा जवळ आल्या की बारा मुले निवडली जातात, त्यांचा सराव होतो, आणि बाकीची दोन-तीनशे मुले टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांतून कोणते जीवनकौशल्य येते?

अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातले डॅरिल सिडेंटॉप यांनी १९८० च्या दशकात शाळेतल्या खेळाच्या तासाची वेगळी मांडणी केली. न्यूझीलंडमधल्या शाळांनी पुढे ती आपलीशी केली. आठवड्याचा सुटा तास त्यांनी बाजूला ठेवला आणि शेतीसारखा हंगाम धरला. हंगामभर संघ तेच. प्रत्येक मुलाला खेळाडूखेरीज दुसरे एक काम: कोणी पंच, कोणी गुणलेखक, कोणी साहित्य सांभाळणारा, कोणी बातमी लिहिणारा, कोणी संघाचा प्रशिक्षक. हंगामाच्या शेवटी एक उत्सव, तोही मुलांनीच उभा केलेला. हे वाचले तेव्हा मला त्यात परके काही वाटले नाही. आपल्या गावातली पोरे चषकाच्या स्पर्धेला हेच करतात. फरक एवढाच की सिडेंटॉप ते सहावीच्या वर्गात आणतात, सगळ्यांना देतात, मुलींनाही देतात, आणि गुरुजी बाजूला उभे राहून पाहतात.

खेळ कोणता घ्यावा, यावर या पुस्तकात वेगवेगळी मते आढळतील. माझे मत खो-खोच्या बाजूने आहे. दोन खांब आणि सपाट जमीन एवढेच भांडवल. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते: प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. पण मी खो-खो निवडतो तो त्याच्या रचनेसाठी. आठ जण बसलेले, एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून, नववा पाठलागावर. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि खांब घेतल्याशिवाय दिशा बदलता येत नाही. म्हणजे आपल्याला जे जमणार नाही ते ओळखून वेळेवर काम दुसऱ्याच्या हाती देणे, हाच या खेळातला मुख्य पराक्रम. एकटाच धावत राहणारा कितीही वेगवान असला तरी नऊ मिनिटांत संघाला बुडवतो. बसलेल्यालाही झोपून चालत नाही, कारण खो कोणत्या क्षणी येईल हे त्याला माहीत नसते. बचावाचे खेळाडू तिघातिघांच्या तुकडीने उतरतात. पहिल्या तुकडीत कोणाला पाठवायचे, चांगला पळणारा राखून ठेवायचा की सुरुवातीलाच वेळ काढून घ्यायचा, हे कर्णधाराने ठरवायचे. तेरा वर्षांच्या मुलीने हे ठरवावे, चुकावे, आणि मध्यंतरात गोल करून बसलेल्या मैत्रिणींना आपण तसे का ठरवले ते सांगावे. त्या गोलात जे होते त्याला माझ्या लेखी जिंकण्याहून जास्त किंमत आहे.

कबड्डीत जोखमीचा हिशेब अधिक उघडा असतो. चढाईला गेलेल्याला तीस सेकंद मिळतात. समोर सहा किंवा अधिक गडी असतील तर बोनस रेषेचा गुण घेऊन परतायचे की गडी मारायला आत शिरायचे? संघ आघाडीवर असताना याचे उत्तर एक, पिछाडीवर असताना दुसरे. मुलाला हे कळते, पण शब्दांत सांगता येत नाही. सामना संपल्यावर पाच मिनिटे ते सांगायला लावणे, एवढेच मार्गदर्शकाचे काम. आणि ते पावरीत, भिलोरीत, मावचीत, ज्या भाषेत येईल त्या भाषेत सांगू द्यावे. वर्गात मराठी प्रश्नासमोर मान खाली घालणारे मूल मैदानावर तावातावाने भांडते, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहे. त्या भांडणातला युक्तिवाद ऐकून घेतला की मराठीही त्याच्या मागून येते, कारण शहाद्याच्या संघाशी सामन्याची वेळ ठरवायची तर मराठीत बोलावेच लागते.

हा विचार घेऊन काम करणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची; त्यांच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. मुंबईत १९९९ मध्ये मॅथ्यू स्पेसी यांनी मॅजिक बस ही संस्था सुरू केली. नागपुरात प्राध्यापक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलभोवती गोळा केले. २००६ मध्ये दिल्लीत नाझ फाउंडेशनने सुरू केलेल्या गोल उपक्रमात मुली नेटबॉल खेळतात आणि खेळासोबत आरोग्य, हक्क आणि पैशाचे व्यवहार शिकतात. बचतीचे अंग जेरू बिलिमोरिया यांनी १९९१ मध्ये स्थापन केलेल्या मेळजोल या संस्थेकडून घेता येईल; तिथे मुलेच आपली बचत गोळा करतात, नोंदवतात आणि ती कशावर खर्च करायची ते ठरवतात.

पण मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली तेहतीस गावे आली, ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनाने गावकऱ्यांसह जीवनशाळा उभ्या केल्या. या शाळांचा बालमेळा भरतो. नर्मदाकाठच्या आणि पुनर्वसनाच्या वसाहतींतल्या शाळांची मुले एकत्र येतात आणि कबड्डी, खो-खो, धावणे, तिरंदाजी यांच्या स्पर्धा होतात. धरणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, या मेळ्यातली एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तीरकामठा तिथे पदकाचा खेळ होण्याच्या आधी घरातली वस्तू आहे. मूल मैदानावर येते ते काहीतरी जाणणारे म्हणून. त्याच्या बापाला आणि आज्याला जे येते तेच तिथे मोलाचे ठरते. ज्या मुलाला आपल्या घरातल्या ज्ञानाला किंमत आहे हे दहाव्या वर्षी कळले, ते तिसाव्या वर्षी आपल्या आमचुराचा भाव सांगताना नजर खाली घालणार नाही, असा माझा विश्वास आहे.

खेळ म्हटला की इथल्या आईबापांना आणि मुलांना दोनच वाटा दिसतात. एक पदकाची. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकून आली. तिचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्याकडेच नंदुरबार जिल्ह्यातला किसन तडवी लांब पल्ल्याचा धावपटू म्हणून घडला. ही नावे प्रत्येक पाड्यावर माहीत असायला हवीत. दुसरी वाट भरतीची. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले पोलीस भरतीचे १६०० मीटर पक्के करत असतात, मुली ८०० मीटर. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणही आहे. या दोन्ही वाटा खऱ्या आहेत, पण अरुंद आहेत. शंभरांतले पाच-सात जण त्यांतून पार होतील. उरलेल्यांनी पहाटे उठून जे कमावले ते गेलेच का? मुलाने वर्षभर स्वतःच्या वेळेची नोंद ठेवली असेल, मित्राला शिकवले असेल, गटाचे वर्गणीचे पैसे सांभाळले असतील, तर भरतीच्या यादीत नाव नसले तरी त्याच्याकडे काहीतरी उरते. ते उरावे अशी आखणी आधीपासून करावी लागते.

मुलींविषयी मला वेगळे लिहायचे आहे, कारण सर्वसाधारण शब्दांत त्या नेहमी हरवतात. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलगी मैदानातून बाहेर पडते. पाणी, धाकटी भावंडे, मासिक पाळी, आणि लवकरच लग्नाची बोलणी. मुलींनी खेळावे असे भाषण केल्याने यातले काही हलत नाही. सरावाची वेळ पाणी भरून झाल्यानंतरची ठेवली, मैदानाजवळ बंद होणारे दार असलेले स्वच्छतागृह असले, आणि मार्गदर्शक गावातलीच थोरली ताई असली, तर मुली येतात. ही ताई महत्त्वाची. तिला थोडे मानधन मिळावे, तिने पंचपरीक्षा द्यावी, ट्रॅकसूट घालून तिने बाजारातून चालत जावे. धाकट्या मुलींना उद्योजिका कशी दिसते हे दाखवायला मुंबईहून पाहुणी बोलावण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या जिल्ह्यात सिकलसेल आहे आणि रक्तक्षयही मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेल असलेल्या मुलाला उन्हात, पाण्याविना, दमछाक होईपर्यंत पळवले तर असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. क्वचित जिवावर बेतते. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी रक्ततपासणीची नोंद आरोग्य केंद्राकडून घ्यावी. पाणी पिण्याची सुट्टी नियमात बसवावी. अंग दुखते, ताप आहे असे म्हणणाऱ्याला कामचुकार न म्हणता बसवावे, आणि शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणे बंद करावे. अशा मुलालाही हंगामात जागा असते, कारण पंच, गुणलेखक, खजिनदार ही कामे दुय्यम नाहीत. उपाशी पोटी सराव तर कोणाचाच घेऊ नये.

उद्योजकता हा शब्द मी जपून वापरतो. तो मुलांच्या डोक्यावर ठेवून मोठ्यांनी आपली जबाबदारी झटकण्याची भीती असते. रस्ता नाही, शिक्षक नाही, मालाला भाव नाही, आणि आम्ही म्हणायचे की मुलांनो, उद्योजक व्हा. तसे या पुस्तकाने म्हणू नये. सहावीच्या मुलाने धंदा करावा असे मला मुळीच वाटत नाही. त्याने आपल्या संघाच्या चेंडूचा, जाळीचा, प्रवासाचा खर्च काढावा, दोन दुकानांत भाव विचारावा, वही भरावी आणि महिन्याच्या शेवटी ती सगळ्यांसमोर वाचावी. वीस रुपये कमी आले तर ते कसे कमी आले यावर चर्चा व्हावी, आणि त्या चर्चेत कोणाला चोर ठरवले जाऊ नये. पुढे हीच मुले ग्रामसभेत बसतील. वनहक्क कायद्याने गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला असेल, तर बांबू आणि डिंक यांचा व्यवहार त्यांनाच करायचा आहे.

शिक्षकांसाठी हे सर्वांत कठीण आहे. मुलांनी लावलेले वेळापत्रक चुकते. दोन सामने एकाच वेळी लागतात, पाहुणा संघ ताटकळतो, मुख्याध्यापक चिडतात. अशा वेळी पुढे होऊन सगळे नीट लावून टाकण्याचा मोह होतो, आणि कोणत्याही चांगल्या शिक्षकाला तो होणारच. त्याने थांबावे. मुलांना पाहुण्या संघाकडे जाऊन दिलगिरी व्यक्त करू द्यावी आणि नवी वेळ मागू द्यावी.

ज्यांना या वर्षीच सुरुवात करायची आहे त्यांनी पूर्ण पुस्तक संपण्याची वाट पाहू नये. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पावसात मैदान चिखलाचे असते. तेवढ्या दिवसांत संघ पाडून घ्यावेत, नावे मुलांना ठेवू द्यावीत आणि कामे वाटावीत. हंगाम दहा आठवड्यांचा पुरे. खांब गावातल्या सुताराकडून करून घ्यावेत, त्याच्याशी भाव मुलांनी ठरवावा. हिशेबाची वही पहिल्या हंगामात दोन मुलींकडे द्यावी, आणि शिट्टी आठवीतल्या कोणाकडे तरी.